अमली पदार्थ विक्रीच्या खटल्यात शिक्षा झाली, तर अपील कसं करायचं

शिक्षा सुनावली की पोलीस कोर्टातूनच माणसाला ताब्यात घेतात. खटला चालू असताना तो जामिनावर होता की नाही, याने फरक पडत नाही. अपवाद एकच. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील दाखल करण्यापुरता जामीन तेच कोर्ट देऊ शकतं. हा अर्ज निकालाच्या दिवशी तयार हवा, दुसऱ्या दिवशी तो करून उपयोग नसतो.

त्या गडबडीत दोन गोष्टी उरकून घ्या. पहिली, अपिलासाठीच्या वकीलपत्रावर आरोपीची सही. ती राहिली तर वकीलपत्र तुरुंगात पाठवून अधीक्षकांच्या साक्षांकनासह परत आणावं लागतं आणि त्यात दिवस जातात. दुसरी, निकालपत्राची विनामूल्य प्रत. शिक्षा झालेल्या आरोपीचा तो हक्क आहे, मागायला संकोच करू नका.

प्रत हातात आली की आधी शेवटची दोन पानं वाचा. कुठल्या कलमाखाली किती शिक्षा, दंड किती, दंड न भरल्यास आणखी किती कैद, शिक्षा एकत्र भोगायच्या की एकापाठोपाठ एक, निकालाआधी कोठडीत काढलेले दिवस वजा धरलेत का, आणि मुद्देमालाचं, गाडीचं किंवा होडीचं काय करायचं, हे सगळं तिथे असतं. वजावटीचे दिवस चुकीचे लिहिले जाणं ही नेहमीची चूक आहे. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, त्याखालच्या शिक्षेला कलम ३२अ मुळे तुरुंगातली माफी लागू होत नाही, त्यामुळे इथे वजावटीचा एकेक दिवस मोलाचा.

कुठल्या कोर्टात, किती दिवसांत

पकडलेल्या मालाचं प्रमाण ‘अल्प’ होतं (आकडे पुढे येतील) आणि खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालला, तर अपील सत्र न्यायालयात जातं आणि मुदत ३० दिवसांची असते. खटला विशेष न्यायाधीशांपुढे चालला असेल, तर शिक्षा दोन वर्षांची असो की वीस वर्षांची, अपील थेट उच्च न्यायालयात जातं आणि मुदत ६० दिवसांची असते.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची अपिलं आता मुंबईला जात नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्याकडे गेले. खेड, रत्नागिरी किंवा ओरोसच्या निकालावरचं अपील म्हणजे आता घाट चढून कोल्हापूर. रायगड, ठाणे आणि पालघर मुंबईकडेच राहिले आहेत, म्हणून माणगाव किंवा अलिबागचा निकाल असेल तर मुंबई. सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा मुलगा पेडण्यात किंवा म्हापशात पकडला गेला आणि खटला गोव्यात चालला, तर अपील पर्वरीच्या गोवा खंडपीठात होतं. घर कुठे आहे याला इथे किंमत नाही, खटला कुठे चालला ते बघायचं.

मुदत मोजताना निकालाचा दिवस सोडायचा. समजा निकाल २ जूनला लागला, तर साठावा दिवस १ ऑगस्टला येतो. प्रमाणित नकलेसाठी ५ जूनला अर्ज केला आणि नक्कल १७ जूनला तयार झाली, तर ते १३ दिवस वगळले जातात आणि मुदत १४ ऑगस्टपर्यंत जाते. नकलेच्या मागच्या शिक्क्यात अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तीन तारखा असतात. वजावट मिळते ती तयार होईपर्यंतचीच. नक्कल तयार होऊन पंधरा दिवस नक्कल विभागात पडून राहिली, तर ते पंधरा दिवस तुमचे गेले. निकालाच्या दिवशी विनामूल्य प्रत मिळाली असेल, तर ही वजावट जमेस न धरता साठ म्हणजे साठच समजून चाला.

मुदत उलटली तरी दार बंद होत नाही. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यायचा आणि उशिराचं कारण तारखांसकट लिहायचं. ‘घरची परिस्थिती हलाखीची होती’ एवढ्यावर भागवू नका. अमुक तारखेला नक्कल मिळाली, अमुक तारखेला कोल्हापूरच्या कळंबा तुरुंगात बदली झाली, अमुक तारखेला वकीलपत्र सही होऊन आलं, असं लिहिलं आणि कागद जोडले तर अर्ज टिकतो.

वकील परवडत नसेल तर

कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्येच ते लिहिलेलं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात होते. रत्नागिरी, सावंतवाडी किंवा अलिबागच्या तुरुंगातून आरोपी स्वतः अधीक्षकांमार्फत ‘जेल अपील’ पाठवू शकतो आणि ते बाहेरून केलेल्या अपिलाइतकंच वैध असतं.

घोळ होतो तो इथे. आत माणसाने जेल अपील पाठवलेलं असतं, बाहेर भाऊ वकील लावतो, आणि एकाच निकालावर दोन अपिलं पडतात. मग क्रमांक, नोटिसा, तारखा सगळंच दुहेरी. भेटीला गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की अपील पाठवलंय का, कधी, जावक क्रमांक काय. गेलेलं असेल तर नव्या वकिलाने त्याच अपिलात वकीलपत्र दाखल करावं.

कागद गोळा करणं

अपील म्हणजे खटला पुन्हा चालवणं नव्हे. नवीन साक्षीदार सहसा येत नाहीत, आधीच नोंदलेल्या पुराव्यावरच वाद होतो. म्हणून निकालपत्रावर थांबू नका. दोषारोपपत्र, सगळ्या सरकारी साक्षीदारांच्या जबान्या उलटतपासणीसह, झडतीचा आणि जप्तीचा पंचनामा, कलम ५० ची म्हणजे अंगझडतीच्या हक्काची नोटीस, गुप्त माहितीची नोंद, वरिष्ठांना पाठवलेली पत्रं, मुद्देमाल रजिस्टरचा उतारा, प्रयोगशाळेला गेलेलं पत्र, रासायनिक पृथक्करणाचा अहवाल, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे केलेली मालाची यादी आणि फोटो, आरोपीचा जबाब आणि रोजनामा, हे सगळं निशाणी क्रमांकासह, म्हणजे कोर्टाने पुराव्याच्या कागदाला दिलेल्या क्रमांकासह हवं. खालच्या कोर्टातल्या वकिलाची फाईल सन्मानाने मागून घ्या. त्याच्याशी वाजवून फायदा नसतो, कुठली निशाणी कशी पडली हे त्यालाच ठाऊक असतं.

पाकिटाचा प्रवास

या खटल्यांचा जीव मुद्देमालात असतो. साक्षीदार बहुतेक पोलीसच असतात, पंच अनेकदा फितूर होतात, आणि नुसता पंच फितूर झाला म्हणून कोणी सुटत नाही. तेव्हा एक लांब कागद घ्या आणि माल सापडल्यापासून प्रयोगशाळेत उघडला जाईपर्यंतचा प्रवास तासवार लिहून काढा. कोणी पकडलं, कुठे वजन केलं, किती भरलं, वेष्टनासह की वेष्टनाशिवाय, नमुना कधी आणि किती काढला, सील कुठलं, सीलचा नमुना कुठे ठेवला, पोलीस ठाण्यात कोणी जमा करून घेतलं, किती दिवस पडून होतं, कोण घेऊन गेलं, प्रयोगशाळेत वजन किती भरलं, सील शाबूत होतं का. प्रत्येक टप्प्यासमोर तो सांगणारा साक्षीदार आणि निशाणी लिहा. जिथे रकाना रिकामा राहील, तिथे तुमचा मुद्दा आहे. मुद्देमाल सांभाळणारा कारकून आणि नमुना घेऊन जाणारा शिपाई यांना तपासलंच नाही, ही त्रुटी या कागदावर लगेच डोळ्यात भरते.

वजन सगळ्यात आधी बघा, कारण शिक्षा वजनावर ठरते. गांज्यासाठी अल्प प्रमाण १ किलो आणि व्यापारी प्रमाण २० किलो, चरससाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉईनसाठी ५ आणि २५० ग्रॅम, मेफेड्रोन म्हणजे एमडीसाठी २ आणि ५० ग्रॅम. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं आणि १ लाख दंड, कमाल २० वर्षं आणि २ लाख. मधल्या प्रमाणाला १० वर्षांपर्यंत, पण किमान काहीच नाही. आणि कायद्याची व्याख्या ‘त्या आकड्याहून जास्त’ अशी आहे. म्हणजे नेमका एक किलो चरस हा व्यापारी ठरत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, तशा मालात प्लास्टिकचे थर, चिकटपट्टी आणि खारं पाणी सगळंच काट्यावर चढतं. वजन वेष्टनासकट केलं असेल आणि आकडा सीमेच्या जवळ असेल, तर दहा वर्षांचा प्रश्न तिथेच आहे.

गांज्यात आणखी एक गोष्ट आहे. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात येत नाहीत. पोतं उपडं करून देठ, फांद्या, पानं सगळं एकत्र तोललं आणि २१ किलो भरलं असं पंचनाम्यात असेल, तर शेंड्यांचं वजन किती हे सरकार पक्षाने कुठे सिद्ध केलंय ते शोधा. पण भेसळीच्या पावडरीत हा युक्तिवाद करू नका. हिरा सिंग प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, शुद्ध अंश वेगळा काढायचा नाही.

पावसाळ्यातल्या जप्तीत जागेवरचं आणि प्रयोगशाळेतलं वजन जुळत नाही, ओला माल वाळतो. थोडा फरक असेल तर न्यायालय तो समजून घेतं. फरक मोठा असेल, वर रंगाचं किंवा पाकिटांच्या संख्येचं वर्णनही जुळत नसेल, तेव्हा तो मुद्दा होतो. किराणा दुकानातून आणलेला काटा या एकाच गोष्टीवर अपील उभं करू नका, जोडीला ती चालते.

झडतीचे नियम: कुठला कुठे लागतो

कलम ५० अंगझडतीसाठी आहे. राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेतली जाण्याचा आपल्याला हक्क आहे, हे आरोपीला सांगितलंच पाहिजे. १९९९ च्या बलदेव सिंग आणि २०१० च्या जडेजा या दोन्ही घटनापीठांच्या निकालांनी हे पक्कं केलंय आणि ‘जवळपास पालन’ पुरत नाही असं दुसऱ्याने स्पष्ट केलंय. पंचनामा आणि फौजदाराची जबानी यांत ‘हक्क’ हा शब्द किंवा त्याचा अर्थ आहे का ते बघा. ‘पाहिजे तर अधिकाऱ्यासमोर झडती देता का’ एवढंच विचारलं असेल तर तो हक्क सांगणं नव्हे. दोघातिघांना मिळून एकच नोटीस दिली, किंवा ‘आमच्याकडूनच घेतली तरी चालेल का’ असा तिसरा पर्याय दिला, तर तोही दोष आहे. मात्र माल पिशवीत, डिकीत किंवा होडीच्या फळीखाली सापडला असेल, तर कलम ५० लागत नाही. यावर पानं खर्च करणारी अपिलं पहिल्याच सुनावणीत वजन गमावतात.

कलम ४२ घर, होमस्टेची खोली, बागेतलं खोपटं, नांगरलेली होडी अशा बंदिस्त जागांसाठी आणि खासगी वाहनांसाठी आहे. मिळालेली माहिती लिहून काढून तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे जायला हवी. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचं असेल तर कारणं नोंदवायला हवीत. अजिबात नोंदच केली नाही तर ते माफ होत नाही, उशीर झाला आणि त्याचं कारण पटण्यासारखं असेल तर होतं. एसटी स्टँड, पुळण, रेल्वे फलाट या सार्वजनिक जागा, तिथे कलम ४३ येतं आणि ४२ ची अट राहत नाही. रस्त्यावर उभी असलेली खासगी गाडी मात्र सार्वजनिक जागा नव्हे.

नमुन्यांसाठी गुन्ह्याची तारीख बघा. २३ डिसेंबर २०२२ पासून नवे नियम लागू आहेत. नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, दोन-दोन प्रतींत काढायचे. गांजा, चरस आणि अफू असेल तर प्रत्येकी २४ ग्रॅम, इतर बहुतेक पदार्थांसाठी ५ ग्रॅम. जागेवरच नमुना काढून तोच प्रयोगशाळेला पाठवला, असं आजही सर्रास दिसतं. नमुन्यांची ही पद्धत सांगणाऱ्या कलम ५२अ चा हा भंग २०२३ च्या काही निकालांत निर्णायक ठरला. जानेवारी २०२५ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एवढ्यावरच सुटका होत नाही, बाकी पुरावा भक्कम असेल तर शिक्षा टिकते. म्हणून हा मुद्दा पाकिटाच्या प्रवासातल्या रिकाम्या रकान्याला जोडून मांडा.

कस्टम्स किंवा एनसीबीचा (केंद्राच्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोचा) खटला असेल तर कलम ६७ खालचे जबाब बघा. तोफान सिंग प्रकरणानंतर, म्हणजे २९ ऑक्टोबर २०२० पासून, त्या अधिकाऱ्यांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. निकालपत्रातून ती वजा केल्यावर काय उरतं, हे एका परिच्छेदात दाखवता आलं तर अर्धं काम झालं. अशा अपिलात प्रतिवादी म्हणून भारत सरकारलाही त्या विभागामार्फत जोडायचं, नाहीतर नोटिसा फिरत बसतात.

ताबा सिद्ध झाला का, हा वेगळा प्रश्न. आरोपीविरुद्ध गृहीतक धरणारी कलमं कायद्यात आहेत, पण आधी ताबा सरकारने सिद्ध करायचा असतो. रेल्वेच्या बर्थखालची पिशवी, चौघांच्या खोलीतलं कपाट, पर्यटकाने भाड्याने घेतलेली खोली, इथे माल कोणाचा आणि त्याला माहीत होतं का, हे साक्षीतून यावं लागतं. आरोपीचा जबाबही काढून बघा. एखादी गोष्ट त्याला न्यायाधीशांनी विचारलीच नसेल आणि निकालात ती त्याच्याविरुद्ध वापरली असेल, तर मुद्दा नोंदवा.

‘तो विकत नव्हता, जवळ होतं फक्त’ हे घरची माणसं कळवळून सांगतात. विक्री आणि बाळगणं दोन्ही त्याच कलमांत येतं आणि शिक्षा प्रमाणावर ठरते, तेव्हा त्याने फारसं काही हलत नाही. फिर्याद देणारा आणि तपास करणारा अधिकारी एकच होता हा मुद्दाही २०२० नंतर एकटा चालत नाही.

आरोपीने गुन्हा कबूल करून शिक्षा घेतली असेल, तर अपील शिक्षेच्या प्रमाणावर किंवा कायदेशीरपणावरच होतं. व्यापारी प्रमाणात किमान शिक्षेच्या खाली उच्च न्यायालयही जात नाही. पण किमानाहून जास्त दिली असेल तर कलम ३२ब मधली कुठली कारणं निकालात लिहिली आहेत ते विचारा, आणि दंड न भरल्यास भोगायची कैद कमी करून मागा. गरीब आरोपीच्या बाबतीत ती खरीच कमी होते.

शिक्षा स्थगित करून जामीन

अपिलासोबतच अंतरिम अर्ज द्यायचा. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की कलम ३२अ असलं तरी अपील न्यायालय शिक्षा स्थगित करू शकतं. व्यापारी प्रमाणात मात्र कलम ३७ आडवं येतं: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे आणि तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही, ही दोन्ही समाधानं न्यायालयाला व्हावी लागतात. म्हणून अर्जात दोनतीनच मुद्दे घ्या, जे एका नजरेत दिसतात, आणि निशाणीचं पान समोर ठेवा. भोगलेली शिक्षा वर्षं, महिने, दिवसांत लिहून तुरुंगाचा दाखला जोडा. अपील लवकर लागायची शक्यता नसेल तर तेही सांगा. दंडाच्या स्थगितीची मागणी वेगळी लिहा, ती आपोआप मिळत नाही.

जामीन मंजूर झाल्यावरही कोकणातली माणसं दोनतीन आठवडे आत राहतात, आणि कारण असतं सातबारा. एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. अशा सामायिक जमिनीवर जामीनदार पत उभी राहत नाही. एकट्याच्या नावावरचं घर, पगारपत्रक असलेला नोकरदार किंवा पतदाखला असलेला माणूस आधीच शोधून ठेवा. दरम्यान काही आठवडे रोख जामिनावर सोडण्याची मागणी आदेशाच्या वेळीच करा.

दाखल झाल्यावर

खालच्या कोर्टाचं मूळ रेकॉर्ड मागवलं जातं आणि पेपरबुक, म्हणजे त्या कागदांचा अपिलासाठीचा संच, तयार होतं. बरीच अपिलं इथेच अडकतात. रेकॉर्ड पोहोचलं का याची दर महिन्याला चौकशी करा, आणि वकिलाला खासगी पेपरबुक दाखल करायची परवानगी मागायला सांगा. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला वेगळं अपील करावं लागतं, तेव्हा ‘अपील केलं तर शिक्षा वाढेल’ ही तुरुंगातली भीती मनातून काढा.

होडी किंवा गाडी सरकारजमा झाली असेल आणि मालक वेगळा असेल, तर त्याने स्वतंत्र अपील करायचं. आपल्याला आणि तांडेलाला किंवा चालकाला माहीत नव्हतं, आणि सगळ्यांनी वाजवी काळजी घेतली होती, हे कलम ६० खाली मालकानेच सिद्ध करायचं असतं. खलाशांचे करार, परवाना, डिझेलच्या पावत्या, त्या दिवशीची बंदरातली नोंद असे कागद लागतात.

उच्च न्यायालयात अपील फेटाळलं गेलं तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी ९० दिवस मिळतात. तेव्हा जामिनावर असलेल्या माणसाला हजर व्हायला दिलेली मुदत याहून खूपच कमी असते. ती वाढवून हवी असेल तर निकाल सुनावतानाच, वकिलाने उभं राहून मागायची.